तोंड बघून लिहिलेलं वय

माझ्या सुनेच्या आरशाखाली बाटल्यांची रांग आहे. सकाळी लावायची वेगळी, रात्री लावायची वेगळी, उन्हात जायची वेगळी. डोळ्यांखाली लावायची बाटली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत महाग. मध्यंतरी तिनं त्यातल्या दोन उचलून माझ्यापुढं धरल्या आणि विचारलं, "आत्याबाई, यातलं खरंच गुण देणारं कोणतं असेल?"

मी म्हणाले, "याआधीची जी संपली, तिनं काय दिलं ते आधी सांग."

दोन्ही बाटल्या परत रांगेत गेल्या आणि पुढच्या महिन्यात तिसरी आली.

टीव्हीवर बावीस वर्षांची पोरगी येऊन सुरकुत्यांचं औषध दाखवते. तिच्या तोंडावर सुरकुती नाही, कारण ती अजून जगलेलीच नाही. तिला बघून माझ्या वयाच्या बायका दुकानात जातात. यापेक्षा मोठा मूर्खपणा मी जवळून एकदाच पाहिला. पण तो करणारी बाई हौसेनं तरुण व्हायला निघाली नव्हती. तिला तरुण दिसल्याशिवाय काम मिळत नव्हतं. ती माझी धाकटी जाऊ.

आमचं सासर करमाडच्या पुढचं, मेंढ्या राखणाऱ्यांचं घर. माझ्या नवऱ्याला चिकलठाण्याच्या बाजूला कारखान्यात हमालीचं काम लागलं, म्हणून आम्ही शहरात आलो. तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. पत्र्याची एक खोली घेतली. पुढं मलाही एका गोळ्या-औषधांच्या कारखान्यात झाडू मारायचं काम मिळालं. धाकटा दीर मेंढ्यांमागंच राहिला. जिथं आमची मेंढरं चरायची तिथं तारेची कुंपणं पडत चालली होती. मग तो कळप घेऊन कन्नडकडं, देवगाव रंगारीच्या शिवारात जायचा, लोकांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचा. जाऊ त्याच्यामागं पायी. दोन पोरी तिच्यामागं.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ती दोन्ही पोरींना घेऊन माझ्या दारात आली. थोरलीला तिनं आमच्या वस्तीजवळच्या नगरपालिकेच्या शाळेत घातलं आणि म्हणाली, "आक्का, मी आता माघारी जात नाय. मला काम बघा."

दीर तिला सोडायला आला होता. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "दिवाळीपतोर बघतो. काम लागलं तर ऱ्हा. नाय लागलं तर पोरींसकट मेंढरामागं. मला एकट्याला कळप झेपत नाय."

म्हणजे सगळं कामावर आलं. काम मिळालं तर पोरी शाळेत, नाही मिळालं तर पोरी मेंढ्यांमागं. थोरली पाटीवर अक्षरं गिरवायला लागली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आमच्या कारखान्यात तेव्हा गोळ्या पाकिटात भरायची नवी जागा निघाली होती. त्यासाठी बायका घेत होते. अट एकच, बाई तिशीच्या आतली पाहिजे. गोळी पाकिटात टाकायला तिशीच्या आतलीच बाई कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही. म्हाताऱ्या बोटांतून गोळी पळून जात असेल. वय ठरवायची रीत अशी होती: शाळेचा दाखला असेल तर दाखला, नसेल तर तोंड. सुपरवायझर फाटकात उभा राहायचा, रांगेतल्या बाईकडं बघायचा आणि मनाला येईल ते वय कार्डावर लिहायचा. पटलं नाही तर लिहायचाच नाही. तो स्वतः पन्नाशीच्या पुढचा होता. डोक्याला कलप लावायचा आणि तो कानामागं उतरलेला असायचा.

माझ्याकडं चौथीपर्यंतच्या शाळेचा दाखला होता. झाडूवालीला तो कुणी विचारला नाही. झाडूवालीच्या तोंडाकडंही कुणी बघत नाही. जावेनं शाळेचं दार पाहिलेलं नव्हतं. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. तिशीला अजून दोन-तीन वर्षं बाकी असतील. पण लहानपणापासून उन्हात. कपाळाला आठ्या, डोळ्यांच्या कडेला जाळं, गाल आत गेलेले, ओठ फाटलेले. आम्ही शेजारी बसलो की लोक तिला थोरली समजायचे.

मी तिला फाटकावर घेऊन गेले. सुपरवायझरनं तिच्याकडं नीट बघितलंही नाही. म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला आलात? पोरीला पाठवा."

जाऊ म्हणाली, "पोरगी पहिलीत हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. तोही हसला आणि पुढचीला बोलावलं. खरोखर तिशीच्या आतल्या बाईला त्यानं आजी करून परत पाठवलं, आणि तिच्यामागं उभी असलेली, मला पक्कं ठाऊक असलेली पस्तिशीची बाई घेतली. तिचं घर सावलीत होतं, बाकी काही नाही. पुढची भरती दसऱ्याच्या आसपास आहे, एवढं फाटकावरच्या शिपायाकडून कळलं.

त्या दिवसापासून जावेनं ध्यास घेतला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की शहागंजात तोंडाच्या सुरकुत्या घालवायचं क्रीम मिळतं. मी नको म्हणाले. ती ऐकेना. मग मी बरोबर गेले, कारण ती एकटी गेली असती तर दुकानदारानं तिला अख्खं दुकान विकलं असतं.

बांगड्या, रिबिनी, पावडरी विकणारं दुकान होतं. दुकानदार बोलायला गोड. जावेचं तोंड बघून त्यानं ओळखलं आणि चार डब्या फळीवर मांडल्या. एक उचलून म्हणाला, "ये देखो ताई. ये लगाए तो झुर्रियां चली जाती."

मी विचारलं, "कुठं जातात?"

"मतलब, दिखती नहीं."

"म्हणजे असतात."

"हौ, रहती तो है खाला. पन दिखती नहीं."

"आणि धुतल्यावर?"

"धुने के बाद फिर लगाना ना."

दुसरी डबी गोरं करायची होती. मी म्हटलं, हिला गोरी व्हायचं नाही, कामाला लागायचं आहे. तिसरीला गुलाबाचा वास होता. गुलाबानं सुरकुती कशी जाते ते त्यालाही सांगता आलं नाही. मग मी त्याला सरळ विचारलं, "तुझी बायको यातलं कोणतं लावते?"

तो पटकन बोलून गेला, "मेरी घरवाली? नक्को खाला. उसको मैं ये सब लगाने नहीं देता. चमड़ी खराब होती."

शेजारच्या दुकानातला माणूस मोठ्यानं हसला. आमचा दुकानदारही हसला. लाजला मात्र नाही. मला त्याचं ते बरं वाटलं. सुनेच्या बाटल्या विकणारे एवढं खरं कधी बोलत नाहीत.

पण गिऱ्हाईक सुटतंय म्हटल्यावर त्यानं खालच्या कप्प्यातून चौथी डबी काढली. "ये सबसे बढ़िया. विलायती. इसमें भेड़ के ऊन का तेल रहता. चमड़ी एकदम नरम."

जाऊ पुढं सरकली. "कशाचं त्याल?"

"भेड़ का. मेंढी का. ऊन में से निकालते."

जाऊ माझ्याकडं वळली. "आक्का, ह्यो मेंढीच्या लोकरीचं त्याल इकतोय. आपल्याला."

ती पदर सावरून दुकानातून उतरली. रस्ताभर तिचं तेच चालू होतं. "घरच्या मेंढ्या सोडून विलायतेच्या मेंढीचं घेऊ व्हय? अन् ते खरंच हाय आक्का. लोकर कातरणारे गडी बघा. त्वांड कोळशावानी, पर तळहात लोण्यावानी."

त्या दिवसात ती बोललेली एवढीच शहाणपणाची गोष्ट, असं मला वाटलं. पैसे वाचले म्हणून मीही गप्प बसले. कातरणाऱ्याचे हात मऊ असतात हे खोटं नव्हतं. निम्मं खरं असलं की माणूस पुढचं विचारत नाही. दुकानातलं क्रीमही असंच विकलं जातं.

तिनं येणाऱ्याजाणाऱ्याकडून दिराला निरोप धाडला, लोकर घेऊन ये. काही दिवसांनी तो घोंगड्या विणणाऱ्यांना लोकर घालायला शहरात आला, तेव्हा तिच्यासाठी एक गाठोडं घेऊन आला. तिनं अंगणात तीन दगड मांडले, मोठं पातेलं चढवलं आणि लोकर उकळायला टाकली. वस्तीत असा वास सुटला की लोकांनी दारं लावून घेतली.

आमच्या शेजारी एक बौद्ध बाई राहायची. सरकारी दवाखान्यात आया होती. आमच्या जातीतले तिच्याकडचं पाणी पिऊ नये म्हणायचे. मी प्यायचे. मला तहान लागायची. ती नाकाला पदर लावून आली आणि पातेल्यात डोकावली.

"काय शिजवताय बाई? मेंढरू मेलं का?"

जाऊ वरचा पिवळा थर वाटीत काढत होती. म्हणाली, "तरणेपण शिजवते."

"मग झाकण ठेवा. उडून जाईल."

शेजारीण त्या दिवसांत सारखी मोर्च्याला जायची. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी जोरात होती. शहरात आज मोर्चा, उद्या बंद, कधी दगडफेक, कधी लाठीमार. तिचा धाकटा भाऊ कॉलेजात होता, तो दोन-दोन दिवस घरी यायचा नाही. त्या संध्याकाळी ती आमच्या उंबऱ्यावर टेकली. मी भाजी निवडत होते. मी म्हणाले, "विद्यापीठाचं नाव बदललं तर तुझ्या घरात काय येणार आहे? कशाला मार खायचा?"

ती चिडली नाही. म्हणाली, "तुमच्या जावेला फाटकावरून तोंड बघून परत लावलं ना? मला दोन वर्षांमागं त्याच फाटकावरून परत लावलं. माझ्याकडं दाखला होता, वय बसत होतं. त्यानं आडनाव वाचलं आणि म्हणाला, जागा भरली. तोंडाला तेल तरी लावता येतं बाई. आडनावाला काय लावू?"

मी भाजी निवडत राहिले.

जावेनं ते वाटीतलं पिवळं तेल रात्री निजताना तोंडाला चोपडलं. गळ्यालाही लावलं, कारण बायकांचं वय गळ्यावर जास्त दिसतं, असंही तिला कुणीतरी सांगितलं होतं. या कामात सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो.

सकाळी धाकटी पोरगी तिच्या कुशीतून उठली, आईकडं बघितलं आणि रडत माझ्याकडं पळाली. जावेचं तोंड सुजून लाल झालं होतं. डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. गाल वर आले होते. ओठ तिचे नव्हतेच. दीर अजून आमच्याकडंच होता. तो तांब्या हातात धरून बघत राहिला.

"लोकर धुतली व्हती का?"

"उकळली की," जाऊ म्हणाली. ओठ जड झाल्यामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं.

"कातरायच्या आधी मेंढरांना गोचिडाचं औषध मारलं व्हतं म्या."

"मंग सांगायचं नाय?"

"मला काय म्हाईत तू त्वांडाला लावशील? मला वाटलं उशी भरायला मागितली."

मी त्याला तांब्या ठेवून बाजूला व्हायला सांगितलं. शेजारणीला हाक मारली. तिनं आधी साध्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं, पुन्हा पुन्हा, आणि मग आपल्या बरोबर दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, तोंडाला काही म्हणजे काही लावू नका. एवढ्या सगळ्या खटाटोपात मिळालेला खरा सल्ला तो एकच, आणि त्याला एक पैसा पडला नाही. म्हणूनच तो कुणी पाळत नाही.

दिराला वाटलं, आता झालं. या तोंडानं ती फाटकावर काय जाणार. तो पोरींची गाठोडी बांधायची भाषा करायला लागला. थोरलीनं पाटी गोधडीखाली लपवली. मी त्याला म्हणाले, "दिवाळी अजून यायची आहे. बोलला आहेस तेवढं पाळ." तो कुरकुरत मेंढ्यांकडं गेला.

भरती दुसऱ्याच दिवशी होती. पण त्या दिवशी सगळं शहर बंद राहिलं. एकही बस निघाली नाही, शहागंजापासून चिकलठाण्यापर्यंत दुकानाचं दार उघडलं नाही, कारखान्याच्या फाटकालाही कुलूप होतं. शेजारीण पहाटेच मोर्च्याला गेली होती. तिला आडनावावरून नाकारणारं फाटक तिच्याच माणसांनी बंद ठेवलं, आणि त्यामुळं माझ्या जावेला उसंत मिळाली. हे मी तिला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा."

भरती चार-पाच दिवस पुढं गेली, तोवर लाली उतरली. खाज गेली. सूज मात्र पुरती गेली नव्हती. जाऊ न्हाली, चोपून वेणी घातली, धुतलेलं लुगडं नेसली. मी तिच्याकडं बघितलं. सुजेनं आत गेलेले गाल भरून आले होते. कपाळाच्या आठ्या ताणून सपाट झाल्या होत्या. डोळ्यांच्या कडेचं जाळं गायब. तोंड गोल, तुकतुकीत. नुकतं लग्न होऊन आलेली पोरगी दिसत होती, जरा जास्त जेवलेली.

मी म्हणाले, "बोलू नको. ओठ अजून जड आहेत, त्याला कळेल."

फाटकात तोच कलपवाला उभा. रांग सरकत गेली. मी झाडू घेऊन आतल्या बाजूनं बघत होते. जाऊ समोर आली तसा त्यानं तिला खालवर बघितलं. तिला त्यानं आधी आजी म्हटलं होतं, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"दाखला?"

तिनं मान हलवली.

"राहू दे, दिसतंय," तो म्हणाला आणि कार्डावर लिहिलं, सव्वीस. मग मागच्या बाईला म्हणाला, "अशा धडधाकट बायका पाहिजेत आम्हाला."

माणसाच्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हताच. जो थोडा उरला होता तो त्या दिवशी गेला. उन्हात राबलेली धडधाकट बाई त्याला म्हातारी दिसली आणि औषध बाधलेली आजारी बाई त्याला धडधाकट दिसली. आज क्रीम विकणारे आणि विकत घेणारे याच नजरेनं बघतात.

जाऊ कामाला लागली. हात चपळ होते. कोकरांना बाटलीनं दूध पाजलेले हात, गोळ्या काय मोठ्या. पण डॉक्टरच्या गोळ्यांनी सूज ओसरली आणि तिचं मूळचं तोंड पुन्हा वर आलं. उलट कातडी निघाल्यानं आधीपेक्षा जास्त ओढलेलं. मी तिला म्हणाले, "तोंड खाली घालून काम कर."

ती म्हणाली, "किती दिस घालू आक्का?"

एका दुपारी सुपरवायझर फेरीला आला. मी गोळ्यांच्या सरकत्या पट्ट्याखालचा कागद झाडत होते. तो तिच्यापाशी येऊन थांबला.

"तू कोण? इथं दुसरी बाई होती."

"मीच व्हते."

"ती तरुण होती. गोल तोंडाची. बहिणीचा बिल्ला लावून आलीस काय? चल, ऊठ. बाहेर हो."

पट्ट्यावरच्या बायकांचे हात थांबले. गोळ्या पुढं येत होत्या त्या येतच राहिल्या, तिच्यापुढं ढीग झाला. मी झाडू धरून उभी राहिले. मला पोरीची पाटी आठवली. मी तोंड उघडणार, तोच जाऊ बोलली. तिचे हात चालूच होते.

"साहेब, तवा सुज आलती."

"कसली सूज?"

"तुमी मला आजी म्हणून माघारी लावलं. म्हणून मी त्वांडाला मेंढीच्या लोकरीचं त्याल लावलं. त्यात गोचिडाचं औषध व्हतं. त्वांड सुजलं. सुजल्यावर तुमाला मी तरणी दिसले. आता उतरलं."

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरीला आवरेना. मग सगळा पट्टाच हसायला लागला. सुपरवायझरनं आवाज चढवला.

"मग तुझं खरं वय किती?"

"मला काय म्हाईत? मला दाखला नाय. वय तुमीच बघून लिवलं. सव्वीस म्हणाला. तुमाला पटतं ते लिवा, पर वरच्या साहेबाला बी सांगा, आधी आजी, मंग सव्वीस, आता आनिक काय."

वरचा साहेब काचेपलीकडं बसलेला दिसत होता. हसण्यामुळं त्यानं मान वर केली होती. सुपरवायझरनं तिकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं. आपण गोचिडाच्या औषधावर भाळून बाई निवडली, हे त्याला वर जाऊन सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, "ढीग उचल आधी. काम कर." आणि पुढं गेला. पुन्हा तिच्यापुढं थांबला नाही. फेरीला आला की तिच्या जागेवरून जरा भरभर जायचा.

दिवाळीच्या आधी दीर आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दारात उभा. मेंढ्या सोबत्याकडं सोपवून आला होता. त्याला वाटलं होतं गाठोडी बांधून तयार असतील.

"चल," तो म्हणाला.

जाऊ आरशाशिवायच केस विंचरत होती. तिनं बिल्ला लावला आणि चप्पल पायात सरकवली. "माझी दुसरी पाळी हाय. भाकरी झाकून ठेवल्यात, जेवून घ्या," म्हणाली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.

तो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मी त्याला बसायला सांगितलं नाही. थोरलीची शाळा सुटायची वेळ झाली होती आणि मला चूल पेटवायची होती. मी त्याला शाळेचा रस्ता सांगितला आणि पोरीला आणायला पाठवलं.